कैसर, फ्यूरर आणि आपला पुढारी

महाविद्यालयाच्या व्हरांड्यात विद्यार्थी आपसांत बोलत असतात आणि जाता-येता त्यांचे शब्द कानांवर पडतात. कडक शिस्तीच्या एका सहकाऱ्यांचा उल्लेख मुले ‘हिटलर’ या नावाने करतात, हे आम्हांला बरीच वर्षे ठाऊक आहे. त्या सहकाऱ्यांनाही ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचे वाईट वाटत नाही. उलट थोडा अभिमानच वाटत असावा. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करणे, गृहपाठाच्या वह्या तपासून परत फेकणे, एवढीच त्यांची हुकूमशाही. त्यासाठी विसाव्या शतकातील सर्वांत भीषण संहाराच्या सूत्रधाराचे नाव वापरले जाते आणि कोणालाच त्यात काही खटकत नाही. आम्ही मराठी शिकवतो. शब्दांच्या बाबतीत खटकणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग आहे. म्हणून या खटकण्याचा जरा मुळापासून विचार करावा, असे वाटले.

राजकीय पदव्या एका भाषेतून दुसरीत जातात, तेव्हा त्यांचे काय होते? जर्मन भाषेचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. ‘कैसर’ ही जर्मन सम्राटाची पदवी मुळात जर्मन नाही. ज्युलियस सीझर या रोमन सेनानीचे ते कुलनाम. त्याच्या वारसांनी ते पदवीसारखे धारण केले, जर्मनांनी ते उचलले आणि त्याच नावातून स्लाव भाषांमध्ये ‘त्सार’ झाला. व्यक्तीचे नाव पदवी झाले. पुढे जर्मनांनी ही उसनवारी व्याजासह फेडली, असे म्हणता येईल. शार्लमेन या फ्रँक राजाचे नाव जर्मनमध्ये कार्ल. या ‘कार्ल’वरून पोलिश भाषेत ‘क्रूल’, चेक भाषेत ‘क्राल’ आणि हंगेरियनमध्ये ‘किराय’ हे शब्द आले. या सर्वांचा अर्थ केवळ ‘राजा’. ज्यांनी कार्लचे नावही ऐकलेले नाही, अशी मुलेही गोष्टीतल्या राजाला त्याच्याच नावाने संबोधतात. जर्मनमधील ‘हाउप्टमान’ म्हणजे प्रमुख माणूस, नायक. त्याचा पोलंड आणि युक्रेनमध्ये ‘हेटमान’ झाला. १९१८ साली कीव्हमध्ये सत्तेवर आलेल्या स्कोरोपाद्स्कीने हीच पदवी धारण केली होती. चेक प्रजासत्ताकात आजही प्रांताच्या निवडून आलेल्या प्रमुखाला ‘हेइत्मान’ म्हणतात. शब्द तोच, पण एके ठिकाणी तो घोड्यावर बसून आला आणि दुसऱ्या ठिकाणी मतपेटीतून.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पदवी परक्या भाषेत गेली की तिचा मूळ आशय झडतो आणि तिला नवा अर्थ घेणाऱ्या समाजाच्या अनुभवातून मिळतो. या अनुभवाला आपणही अपवाद नाही.

‘कैसर’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. पहिली वाट जर्मनीची नव्हेच. १८७६ साली ब्रिटिश संसदेने राणी व्हिक्टोरियाला नवी पदवी धारण करण्याची मुभा देणारा कायदा केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात ती भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. भारतीय भाषांत या पदवीला काय म्हणावे, हा प्रश्न होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी ‘कैसर-ए-हिंद’ हा पर्याय सुचवला. ‘पातशाह’ म्हटले की मोगल आठवणार, संस्कृत पदवी घेतली की ती एकाच समाजाची वाटणार. अरबी-फारसीत रोमच्या सम्राटासाठी ‘कैसर’ हा शब्द शतकानुशतके रूढ होताच. तो ओळखीचा होता, पण या भूमीतील कोणत्याही गादीचा नव्हता. विशेष म्हणजे लाइटनर हे स्वतः हंगेरीतील पेस्ट शहरात जन्मलेले होते. इंग्रज राणीला हिंदुस्थानात कोणत्या नावाने ओळखावे हे एका मध्य युरोपीय भाषापंडिताने ठरवले आणि त्यासाठी रोमचे नाव फारसीच्या मार्गाने आणले. पदव्यांचा प्रवास किती वळणावळणाचा असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

दुसरी वाट पहिल्या महायुद्धाची. १९१४ साली ‘कैसर’ म्हणजे जर्मनीचा विल्हेल्म दुसरा, हा अर्थ वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला. म्हणजे पंचम जॉर्ज हा ‘कैसर-ए-हिंद’ आणि त्याचा शत्रू, जो नात्याने त्याचा आतेभाऊ होता, तोही ‘कैसर’. हिंदी सैनिक एका कैसरासाठी दुसऱ्या कैसराशी लढले. विल्हेल्मची पदवी नोव्हेंबर १९१८ मध्ये संपली. इंग्रजांची ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवी मात्र आणखी तीन दशके टिकली. १९०० साली याच नावाचे एक पदकही सुरू झाले होते. गांधीजींना ते १९१५ साली मिळाले आणि १९२० मध्ये असहकाराच्या आरंभी त्यांनी ते परत केले. मराठी भाषेत या पदवीचे आज काय उरले आहे? जवळजवळ काहीच नाही. ‘कैसर’चे ना क्रियापद झाले, ना म्हण, ना शिवी. लोकांच्या अनुभवात जो शब्द रुजला नाही तो कागदावरच वाळून गेला.

‘हिटलर’ मात्र रुजला. तो कसा रुजला, हे पाहण्यासाठी मराठीतील एका प्रत्ययाकडे पाहावे लागेल. ‘शाह’ ही फारसी पदवी. तिच्यावरून ‘शाही’. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही या राज्यांच्या नावांतून हा प्रत्यय आपल्याकडे आला आणि मराठीने तो इतका आपलासा केला की तो कशालाही लागू लागला. नादिरशाही, नोकरशाही, भांडवलशाही, झुंडशाही, घराणेशाही, झोटिंगशाही. झोटिंग हे तर आपले भूत. त्यालाही आपण गादीवर बसवले. आणि गंमत अशी की ‘लोकशाही’ या शब्दातही हा शाह दडून बसलेला आहेच. याच रांगेत ‘हिटलरशाही’ आली. कार्ल नावाच्या राजाचे स्लाव भाषांत जे झाले तेच हिटलर नावाच्या माणसाचे मराठीत झाले. नावाचे सामान्यनाम झाले.

येथे आमची पहिली तक्रार आहे. सामान्यनाम होताना शब्द हलका होतो. ‘मोगलाई’ या शब्दाने आज कोणाला औरंगजेबाची दख्खन मोहीम आठवत नाही, केवळ गोंधळ आणि मनमानी आठवते. तसेच ‘हिटलर’ म्हटल्यावर ऑश्विट्झ आठवत नाही, साठ लाख ज्यू आठवत नाहीत, रोमा जमातीची माणसे आठवत नाहीत, अपंग म्हणून ठार केलेली माणसे आठवत नाहीत. आठवतो तो मिशीवाला, मोठ्या आवाजाचा, शिस्तप्रिय गृहस्थ. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाने हिटलरचे नाव धारण केले होते. निषेध झाल्यावर ते बदलावे लागले. त्या वेळी नाव देणाऱ्याच्या मनात द्वेष होता, असे आम्हांला वाटत नाही. नाव लक्ष वेधून घेणारे आहे, एवढेच त्याच्या मनात असावे. पण हीच तर काळजीची बाब आहे. मराठी वाचकाला साधने उपलब्ध नाहीत, असेही नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ अनेक पिढ्यांनी वाचले आहे. वि. स. वाळिंबे यांनी हिटलरचेही चरित्र लिहिले आणि नेताजींचेही. माहिती आहे, शब्द मात्र त्या माहितीपासून सुटून एकटाच भटकतो आहे.

आमची दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे आणि ती ‘फ्यूरर’ या शब्दाविषयी आहे. हिटलरजवळ दोन पदव्या होत्या. ३० जानेवारी १९३३ रोजी तो ‘कान्झ्लर’ झाला. हे राज्यघटनेतील पद होते. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याने दोन्ही पदे एकत्र करून ‘फ्यूरर आणि राइश कान्झ्लर’ असे नाव घेतले. यातील ‘कान्झ्लर’ हे पद आजही आहे. लॅटिनमध्ये न्यायसभेच्या जाळीपाशी बसणाऱ्या साध्या सेवकाला जो शब्द होता त्याच्यावरून हे पद आले. त्याचेच इंग्रजी रूप ‘चान्सेलर’. हाच शब्द विद्यापीठात आला, तेव्हा आपण त्याचे ‘कुलपती’ असे भाषांतर केले. हिंदी पट्ट्यात बराच काळ ‘कुलपति’ म्हणजे कुलगुरू, ही आणखी वेगळी गंमत. थोडक्यात, जो शब्द निरुपद्रवी होता तो आपण मराठीत आणला, त्याला संस्कृत पोशाख दिला, पदवीच्या कागदांवर त्याला जागा दिली.

‘फ्यूरर’ मात्र आपण तसाच ठेवला. इंग्रजीने ठेवला, फ्रेंचने ठेवला, मराठीनेही ठेवला. त्यामुळे हा काहीतरी भयंकर, खास जर्मन, भाषांतर न होणारा शब्द आहे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय? नेणारा. वाट दाखवणारा. जर्मन भाषेत प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकाला ‘राइझेफ्यूरर’ म्हणतात, डोंगरवाटा दाखवणाऱ्याला ‘बेर्गफ्यूरर’, आणि वाहन चालवण्याच्या परवान्याला ‘फ्यूररशाईन’. आमच्या चिमूर तालुक्यातील कोलारा फाटकावरून जिप्सीत बसून पर्यटक ताडोबाच्या जंगलात शिरतात. त्यांच्यासोबत गावातलाच एक तरुण गाईड असतो. तो पाणवठा दाखवतो, पंजाचे ठसे दाखवतो, चितळाचा इशारा ऐकून गाडी थांबवायला सांगतो. शब्दार्थाने पाहिले तर तो तरुण ‘फ्यूरर’च होय. १९४५ नंतर जर्मन माणूस हा शब्द सुटा वापरताना कचरतो, जोडशब्दांत मात्र तो सहज येतो. इतका तो रोजचा, घरगुती शब्द आहे.

आम्ही एकदा वर्गात हा प्रयोग करून पाहिला. शब्द कोणाचा, कुठला हे न सांगता फळ्यावर केवळ अर्थ लिहिला: ‘पुढे चालून इतरांना नेणारा’. आणि मराठी प्रतिशब्द विचारले. उत्तरे भराभर आली. नेता. पुढारी. वाटाड्या. म्होरक्या. कोणी ‘नायक’ म्हणाले, कोणी ‘साहेब’. मग आम्ही सांगितले की, हा हिटलरच्या पदवीचा अर्थ आहे. वर्गात काही काळ शांतता पसरली. एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे ते लोक त्याला आपल्यासारखंच साधं ‘नेता’ म्हणत होते?” हो, तसेच म्हणत होते. त्यांच्या कानांना तो शब्द भयंकर वाटत नव्हता. विश्वासाचा वाटत होता. हा प्रश्न त्या मुलीला पडला, यातच त्या तासाचे सार्थक झाले, असे आम्ही मानतो.

या संदर्भात ‘नेताजी’ या पदवीचा विचार टाळता येणार नाही, आणि चिमुरात राहून तर मुळीच नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरच्या मिरवणुकीवर पोलिसांनी बळाचा वापर केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला आणि खवळलेल्या जमावाच्या हातून अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर लष्कर आले. गावातील पुरुष पकडले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्याच काळात अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले. चिमूर-आष्टीच्या कैद्यांना झालेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये टळल्या. या सर्वांसोबत आमच्या गावात आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: चिमूर स्वतंत्र झाल्याची वार्ता सुभाषबाबूंनी बर्लिनच्या रेडिओवरून जगाला ऐकवली. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट आम्हीही विद्यार्थ्यांना सांगतो.

सुभाषबाबू त्या वेळी बर्लिनमध्येच होते आणि ‘नेताजी’ ही पदवी त्यांना तेथेच, त्याच वर्षी मिळाली. युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या तेथील हिंदी पलटणीच्या सैनिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दिली. ती ‘फ्यूरर’चे भाषांतर होती काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. बर्लिनमधील त्यांचे सहकारी एम. आर. व्यास यांनी नोंदवले आहे की, एका सैनिकाने ‘हमारे नेता’ असे सुचवले, त्याला ‘जी’ जोडला गेला आणि स्वतः सुभाषबाबूंना ही पदवी सुरुवातीला पसंत नव्हती. आम्हांला हे पटण्याजोगे वाटते. ‘जी’ हा प्रत्ययच सांगतो की, शब्द खालून, आपुलकीने आलेला आहे. जर्मन पदवीत असा प्रत्यय नाही. शिवाय मराठी कानाला ‘नेताजी’ म्हटले की शिवछत्रपतींचे सरनौबत नेताजी पालकर आधी आठवतात. आपल्यासाठी तो शब्द बर्लिनहून आलाच नाही.

पण यातील दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याच पलटणीच्या शपथेत हिटलर हा जर्मनांचा नेता आणि सुभाषबाबू हे हिंदुस्थानच्या लढ्याचे नेते, असे दोघांचेही उल्लेख होते. एकाच वाक्यात, एकाच अर्थाच्या शब्दाने. एकाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, दुसऱ्याचे आदराने घेतो, आणि दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. मात्र शब्द या दोहोंतील फरक सांगू शकला नाही. फरक माणसांच्या कृतीत होता, त्यांच्या हेतूत होता, त्यांच्या सत्तेला कोणी प्रश्न विचारू शकत होते की नाही यात होता. पदवी स्वतः काहीच सांगत नाही. हीच आमच्या म्हणण्याची मध्यवर्ती गोष्ट आहे.

येथे आमच्यावर एक आक्षेप येऊ शकतो. ‘फ्यूरर’ परका ठेवण्यातच शहाणपण आहे. त्याचे ‘नेता’ असे भाषांतर केले तर आपल्या चांगल्या शब्दाला डाग लागेल आणि हिटलरचा गुन्हा सौम्य होईल, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य नाही, असे नाही. पण परका शब्द आपल्याला एक खोटा दिलासा देतो. ‘फ्यूरर’ तिकडे होतो, जर्मनीत होतो, आपल्याकडे केवळ नेते, पुढारी आणि साहेब असतात, असा तो दिलासा. इतिहासाच्या पुस्तकात एकदा तरी कंसात ‘म्हणजे नेता’ असे लिहिले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाचकाने ते वाचून दचकावे. दचकणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

मराठीजवळ या बाबतीत एक मोठी संपत्ती आहे. ‘नेता’, ‘पुढारी’, ‘म्होरक्या’ हे तिन्ही शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे, पण आपण त्यांना वेगवेगळा सूर दिला आहे. ‘नेता’ आदराने म्हणतो. ‘पुढारी’ म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू असते; ‘फार पुढारीपणा करतो’ हे वाक्य कौतुकाचे नाही. ‘म्होरक्या’ तर थेट टोळीचाच. एखाद्या माणसासाठी कोणता शब्द वापरायचा हे लोक रोज ठरवतात आणि त्याची वागणूक बदलली की शब्दही बदलतात. हीच भाषेतील लोकशाही. ‘महाराज’ हा शब्दच पाहा. तो राजाला आहे, संताला आहे आणि आमच्याकडे लग्नघरी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यालाही आहे. पदवी इतकी वाटली गेली की तिच्यातील दरारा उरला नाही. आम्हांला ही चांगली गोष्ट वाटते. ज्या समाजात आचारीही महाराज असतो, तेथे एकाच महाराजापुढे सर्वांनी झुकण्याचा धोका थोडा तरी कमी होतो.

पण हा धोका पूर्ण जात नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने, लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे वगळता, राज्याला कोणताही किताब देण्यास मनाई केली. रावबहादूर गेले, कैसर-ए-हिंद गेले. तरीही चौकात फलक लागतच असतात आणि त्यांवर सम्राट, हृदयसम्राट, कार्यसम्राट, भाग्यविधाते यांची गर्दी असते. हे किताब राज्य देत नाही, कार्यकर्ते देतात. म्हणून अनुच्छेद १८ तेथे पोहोचत नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीची वाट असू शकेल, राजकारणात मात्र ती अधःपाताची आणि अखेरीस हुकूमशाहीची वाट ठरते. फलक लावणाऱ्या मुलांत आमचे माजी विद्यार्थी असतात. त्यांना आम्ही मराठीच शिकवले. म्हणून या अपयशातील थोडा वाटा आमचाही आहे.

तेव्हा आमच्या त्या सहकाऱ्यांना ‘हिटलर’ म्हणू नका, असे आम्ही आता विद्यार्थ्यांना सांगतो. ‘खडूस’ म्हणा, ‘जमदग्नी’ म्हणा. मराठीत शब्दांची वाण नाही. ते नाव त्याच्या जागी, त्याच्या पुऱ्या वजनानिशी राहू द्या. आणि ज्याला तुम्ही उद्या मनापासून ‘आमचा नेता’ म्हणाल, त्याच्याकडे पाहताना क्षणभर थांबून विचारा, याला ‘नाही’ म्हणता येते काय? १९४२ च्या त्या नागपंचमीला चिमूरच्या माणसांनी कैसर-ए-हिंदच्या राज्याला ‘नाही’ म्हटले होते आणि त्याची किंमत मोजली होती. त्यांच्या नातवंडांना हा प्रश्न विचारणे जड जाऊ नये.